टाइट

सिंचना वही घेऊन दुकानात आली,
उलट्या पिंपावर बसली, म्हणाली,
"काका, टाइट. पाच वाक्यां होयी. उद्यापर्यंत."
माझ्या हातात सतरा नंबरचा पाना,
समोर भिवा कोयंड्याच्या लाँचचं इंजिन, पोट उघडं.
इंग्रजी मी आठवीत सोडलं.
पण हा शब्द? हा तर रोज माझ्याकडे जेवतो.

लिही म्हटलं. पहिलं: नट टाइट केला.
दुसरं तिचं तिनेच: दोर टाइट ओढला.
देवगडच्या जेटीवर वाढलेल्या पोरीला
ते कोणी शिकवावं लागत नाही.
मग भिवा खोकला. त्याचं वाक्य मला पाठ होतं,
"यंदा जरा टाइट हा रे, बिल गणपतीनंतर बघू."
हेही घे म्हटलं, तिसरं.
"पण टाइट काय?" तिने विचारलं, "कर्ता खंय?"
भिवाने खिसा उलटा करून दाखवला.

मग शब्द थांबेचना.
मंत्री जेटी बघायला आले तेव्हाचा बंदोबस्त,
माशांपेक्षा पोलीस जास्त,
तेवढा तिने उतरवून घेतला.
लवूचा लग्नातला कोट,
जो त्याने फोटो होईपर्यंत श्वास रोखून घातला.
नर्मदा वैनीचा चेहरा,
बर्फाचा भाव वाढला त्या सकाळपासून.
"झाली की पाच," मी म्हटलं.
"चार," ती म्हणाली. "बाकीची गजाली."

लवू कोपऱ्यातून हसला, "आणि फुल टाइट?"
पाना थांबला.
सिंचनाने वहीतून मान वर केली नाही.
"तां गेल्या वर्षी लिवललंय. बाईंनी लाल रेघ मारली.
पण डिक्शनरीत हा. सातव्या नंबरार."

म्हणजे साहेबही
बंदरावरून परतताना भिंत धरत धरत,
आणि त्याच्याही घरात कोणीतरी
दाराची कडी आतून दोनदा तपासत.

तिचा बापूस ह्याच शब्दातून गेला.
आधी तिसऱ्या वाक्यातून, मग सातव्या नंबरातून.
आता मलपीला कुठल्याशा ट्रॉलरवर आहे.
फोन केला तर म्हणतो, शेड्यूल टाइट हा.

तो गेला त्या दिवशी मी एक नट असा आवळला
की आटाच गेला.
मग तो नुसता फिरत राहतो, फिरत राहतो,
आणि हाताला आधी कळतं,
धरण्यासारखं काही उरलेलं नाही.
घट्ट हा आपला शब्द. दह्याला चालतो, मैत्रीला चालतो,
पोर झोपेत बोट धरते त्यालाही.
टाइटला कायम एक पाना लागतो.
हे मी तिला सांगितलं नाही. वाक्यात बसलं नसतं.

भरतीचं पाणी दुकानाच्या दुसऱ्या पायरीला लागलं.
पाचवं वाक्य तिने न विचारता लिहिलं,
पेन्सिल दाबून, वहीवर हात आडवा धरून.
वाच म्हटलं तर वाचलं, भराभर, इंग्रजीत.
मला एवढंच कळलं, की मधे कुठेतरी टाइट आलं,
काळ्या ऑइलमध्ये बुडालेल्या नटाचं डोकं
क्षणभर चमकावं तसं.
अर्थ मी विचारला नाही.

"चालू करून बघ," भिवा म्हणाला.
शेवटचा नट मी बोटांनीच फिरवत नेला,
अडला तिथे पान्याने अर्धा फेरा दिला,
आणि हात काढून घेतला.