ज्याचं जळतं

बकरी ईदची सकाळ, शारजा, पावणेसात.
नमाजाहून परतणाऱ्या गाड्यांतून वाट काढत
मी प्रयोगशाळेत आलेय,
कारण कातडीला सुट्टी नसते.
दर दुसऱ्या दिवशी तिचं पाणी बदलावं लागतं,
गुलाबी, सरबतासारखं.
पिवळं पडलं की समजायचं, उशीर झाला.

हाताला अजून मेंदीचा वास.
त्यावर निळे मोजे, मोज्यांवर स्पिरिट.
कपाट उघडते. आत सदतीस अंश,
दुपारच्या रस्त्यापेक्षा दहाने थंड.

बारा वाट्या. प्रत्येकीत नखाएवढी त्वचा,
दुधावर धरलेल्या सायीसारखी,
फक्त हिच्याखाली नसा आहेत.
सोळा दिवसांपूर्वी तिला पाण्याबाहेर उचलली :
वरून हवा, खालून खाणं.
हवा लागल्याशिवाय कातडी तयार होत नाही,
वरचा थर मरतो, टणक होतो,
मग आतले जगतात.
हे मी कॉलेजात शिकले.
आमच्या घरी ते आधीपासून माहीत होतं.

वहीत एवढंच : दाता सतरा, स्त्री, एक्केचाळीस, पोट.
शस्त्रक्रियेत काढून टाकलेला तुकडा,
बाळंतपणाच्या रेषा असतील त्यावर,
पेशींनी त्या इकडे आणल्या नाहीत.
नसा दुसऱ्याच कुणाच्या :
रक्तातल्या पेशी उलट्या पावलांनी
पार गर्भापर्यंत नेल्या
आणि तिथून वेगळ्या वाटेला लावल्या.
दोन अनोळखी माणसं एका वाटीत,
रोल्याच्या इमारतींत एका खोलीत राहतात तशी.
आठवडाभर बोलली नाहीत.
मग एका रात्री भिंगाखाली
एक धागा वर येताना दिसला,
कारल्याचा तणावा दोरी चाचपतो तसा.

आज मिरची द्यायची.
मिरची म्हणजे तिचा अर्क, पाण्यात हरवेल इतका.
थेंब सोडला, दिवा विझवला.
एक श्वास. दोन.
चौथ्या वाटीत हिरवं काही पेटलं
आणि धाग्याधाग्याने पसरत गेलं,
वाडीत पहाटे मयताची बातमी
दारोदार जाते तसं.

मी लिहिलं : प्रतिसाद, नऊ सेकंद.
वेदना हा शब्द आम्ही लिहीत नाही,
त्याला आधी कुणीतरी लागतं.
ज्याचं जळतं त्याला कळतं, आई म्हणायची.
इथे जळलं तर खरं,
पण हा ‘ज्याचं’ कुठून आणू?

बावांच्या डाव्या दंडावर वीतभर चट्टा आहे,
अहमदीच्या रिफायनरीत वाफेच्या नळीने दिलेला,
तुळतुळीत.
लहानपणी आम्ही त्यावर टाचणी टोचायचो
आणि ते पेपर वाचत राहायचे.
“टोचा अजून,” म्हणायचे, “तिथं मी नाहीच.”

मघाशी त्यांचाच फोन होता, दापोलीहून.
बकऱ्याचं कातडं न्यायला यंदा कुणी आलं नाही,
भाव पडलाय म्हणे,
मीठ चोळून पडवीत ठेवलंय.
मग विचारलं, “आज ईदला कुणाकडे कामावर?”
सांगितलं, कातडी वाढवते, बावा, माणसाची,
तिला लागलेलं समजतं.
बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.
“दुखतं का तिला?”
माहीत नाही, म्हटलं.
“मग जरा हळू हात लाव.”

मिरची दोनदा धुवायची, असा नियम आहे.
मी तीनदा धुते.
तिसऱ्याची नोंद करत नाही.

अकराला बाहेर आले.
गाडी उन्हात चार तास उभी,
सीटबेल्टचं बक्कल धरलं
आणि हात झटकला गेला,
मला कळायच्या आधी.