निळा माझ्याकडे

मादाम कुर्त्वाच्या माडीवर आम्ही सातजणी.
लाल झेलीकडे, तपकिरी दोघी बहिणींकडे,
कातडीचा रंग युलालीकडे, तिचा हात हलका,
नाकं आणि कान ती श्वास रोखून करते.
निळा माझ्याकडे.
म्हणजे पॅरिसमधल्या तमाम गरिबांचे सदरे माझ्याकडे.

शंभर ताव रंगवले की बारा सू.
कोळसेवाला, चिंध्या वेचणारा, दिवे लावणारा,
परटीण (तिचा फक्त एप्रन),
कालवांची टोपली कमरेवर घेतलेली ती जाडी बाई,
सगळे दगडावरून काळे, उघडे छापून येतात
आणि आम्ही त्यांना कपडे घालतो.
विकत घेणारे नदीपलीकडे राहतात.
जेवण झालं की चाळतात म्हणे, दात कोरत,
आणि ओळखतात, अरे, हा तर आपला पाणक्या!
नाव विचारायची गरज पडत नाही,
खाली छापलेलंच असतं : पाणक्या.

आमच्या पाणक्याचं नाव आमाब्ल.
ओव्हेर्नच्या डोंगरातला.
रोज पाच जिने चढून दोन बादल्या आणतो,
एक मादामच्या सूपला, एक आमच्या कुंचल्यांना.
डाव्या गालावर व्रण आहे,
गावच्या विहिरीची साखळी तुटून उसळली होती, तेव्हाचा.
बोलतो कमी. आमच्या बोलीत तर फारच कमी.

मार्चमध्ये चौदा नंबरचा ताव आला.
मी सदरा भरत भरत गळ्यापर्यंत पोचले,
वर पाहिलं तर तो.
टोपी तीच, गुडघे तसेच किंचित वाकलेले,
पण व्रण उजव्या गालावर.

दगडावर काढलेलं कागदावर उलटं उमटतं,
ते धरूनच चांगला चित्रकार आधी उलटं काढतो.
याला घाई असेल.
पाणक्याच्या गालात कोण लक्ष घालतंय.

दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा ताव वाळत होते,
साठ आमाब्ल, दोरीवर, चिमट्यांना टांगलेले.
त्यानं बादल्या टेकवल्या आणि बघत राहिला.
झेली फिसकन हसली.
मी म्हटलं, गाल चुकलाय बघ.
"कुठं चुकलाय? असाच तर दिसतो मी."
आणि वाकून बादलीत पाहिलं, खात्री करायला.

खोलीत त्याच्या आरसा नाही.
स्वतःला त्यानं एवढंच पाहिलंय,
वर्षानुवर्षं, जिन्याजिन्यावर,
सांडू नये म्हणून मान खाली घालून.

मग खालच्या ओळीवर बोट ठेवलं त्यानं. बोट ओलं होतं.
काय लिहिलंय?
लिहिलं होतं : अख्ख्या शहराला आंघोळ घालतो, स्वतःला सोडून.
मी वाचलं : पाचव्या मजल्यापर्यंत याचा एक थेंब सांडत नाही.
युलालीला वाचता येतं.
ती मान वर न करता कुणाचा तरी हात रंगवत राहिली.

आईला पाठवायला एक ताव हवा होता त्याला.
एक बिघडलेला निघाला, निळा रेषेबाहेर ओघळलेला,
ओघळ बोटानं टिपून दिला.
पण देण्याआधी एक केलं.
आमच्याकडे पाणी कोरं सोडायचं असतं.
निळा महाग, आणि पाण्याला कागदाचा पांढरा पुरतो,
शिवाय चित्रकारासमोर तो उभा होता तेव्हा
बादल्या रिकाम्याच असणार, तासभर भरलेल्या कोण धरून ठेवील?
मी दोन्ही भरल्या. काठोकाठ.

शनिवारी मादामनं दोन सू कापले.

उत्तर आलं ते जूनमध्ये, पाद्रीबाबांच्या अक्षरात.
आमाब्लनं घडी न मोडता माझ्यापुढे धरलं.
बादल्यांचं काही नव्हतं त्यात. सदऱ्याचंही नाही.
गाय व्यायली. छपराला अजून पैसे लागतील.
आणि शेवटी, आई विचारते,
दुसऱ्या गालाला काय झालं रे?

हे मी होतं तसं वाचलं.
त्यानं खांद्यावरचा पट्टा खाली ठेवला
आणि उजवा गाल चाचपून पाहिला.