ऐंशी अंश उत्तर

सहा माग भंगारात दिले,
वर शेडची जागाही.
काट्यावरचा पोरगा म्हणाला,
काका, लोखंड गंजलंय, पण वजन सच्चं आहे.
त्या वजनाचं मी जहाजाचं तिकीट काढलं.

अशोक चौकात बातमी माझ्याआधी पोचली.
येमूल बर्फ बघायला चालला.
बर्फ? तो तर सरबताच्या गाडीवर मिळतो की.
साडू म्हणाला, एवढ्या पैशात अख्खी गल्ली
तिरुपतीला जाऊन आली असती, लाडू घेऊन.
खरं होतं. मी मान हलवली.
बहिऱ्या माणसाचं एक बरं असतं,
मान हलवली की बोलणं संपतं.

मे महिना, चव्वेचाळीसचा पारा,
आणि दारातल्या दोरीवर माझे लोकरी पायजमे.
येणारा जाणारा हात लावून बघायचा,
बाजारात बैलाचं वशिंड चाचपावं तसा.

कारण विचाराल तर एक कॅलेंडर.
रंगाच्या कंपनीनं दिलेलं, अठ्ठ्याण्णव सालचं,
मागांच्या वर, खिळ्याला.
जूनच्या पानावर निळसर बर्फाचा डोंगर
आणि त्याच्या पायाशी मुंगीएवढी बोट.
साल संपलं, पान नागमणीनं उलटू दिलं नाही.
कांड्या भरता भरता वर बघायची,
म्हणायची, पत्रा तापला की ह्याच्याकडे बघावं.
त्या बोटीत कोण बसलं असेल हो?
मी म्हणायचो, तिकडं धागा तुटलाय, तो बघ.

तर बोटीत मी बसलो.

त्याच्या आदल्या दिवशी
एका पिंगट वेणीच्या पोरीनं सगळ्यांचे कपडे तपासले.
तिथल्या मातीत बाहेरचं बी पडायला नको, असा नियम.
माझ्या जुन्या स्वेटरच्या खिशात तिनं बोटं घातली,
निघालं तूस.
पांढरं, गुलाबी, थोडं मोरपंखी.
चादरींचं. चाळीस वर्षांचं.
तिला वाटलं, कुठलं फूल आहे का हे.
मी हातानं धोटा फेकून दाखवला,
कळलं की नाही, ठाऊक नाही.
तिनं खिसा उलटा केला, व्हॅक्यूमची नळी लावली,
शिवणीतला शेवटचा धागाही ओढून घेतला.
मला राग नाही आला.
एक गाठ राहिली तर आमचंही
अख्खं गाठोडं परत यायचं.

मग ती पाच मिनिटं.
रबरी बोटीचं इंजिन बंद केलं.
वाटाड्या खुणेनं म्हणाला, बोलायचं नाही,
फोटो नाही, नुसती शांतता ऐका.
नऊ माणसं डोळे मिटून बसली.
एका म्हातारीच्या गालावर पाणी.
आणि माझ्या कानात
खटक खटा खटक खटा,
सहाच्या सहा माग.
भंगारात दिलेले. एव्हाना वितळलेही असतील.
जगाच्या माथ्यावर येऊन मी एकटा
पहिल्या पाळीवर.

नंतर त्यानं पाण्यातून बर्फाचा तुकडा काढून दिला,
काचेसारखा, आत बुडबुडे.
मी तो गालफडाच्या हाडाला लावला.
तड.
तड. तड.
आतली हवा सुटत होती, फार जुनी म्हणे,
कडक भाकरी दाताखाली मोडते तशी.
हे मात्र ऐकू आलं.

रात्री सूर्य मावळेना.
उन्हाला कंटाळून सोलापूर सोडलं
आणि हा गडी दोन वाजताही खिडकीत,
पांढरा, बिनतापाचा,
पगार थकलेल्या कामगारासारखा बसून.
मी पडदा ओढला. पडद्याची वीण सैल होती.

परत आल्यावर साडूनं विचारलं,
एमुंदी अक्कड?
काय असणार तिथं? पाणी, म्हटलं. नि बर्फ.
तो समाधानानं हसला.

कॅलेंडर शेडबरोबरच गेलं,
उतरवायला विसरलो.
पण बोटीत असताना एकदा
मान वळवून बघितलं होतं मी,
पानाच्या बाहेर ती जिथं बसायची,
साधारण त्या बाजूला.
एक पांढरा पक्षी होता.
बाकी धुकं.