तीन वाजताचं टोक

एकोणीस वर्षं गॅसचं आणि विजेचं बिल
एकाच पाकिटातून दारात पडायचं.
आकडा फुगला की क्लिफर्ड म्हणायचा, तुझा ओव्हन.
मी म्हणायचे, तुझी आंघोळ.
दोष वाटून घेतलेला बरा असतो.

मग ग्रंथालयातल्या बाईंनी हिशेब मांडून दिला:
गॅस एकाकडून, वीज दुसऱ्याकडून,
महिन्याला नऊ पौंड वाचतील.
क्लिफर्डने जिन्याखाली ओणवं होऊन, टॉर्च दातांत धरून
मीटरचे आकडे सांगितले.
मला आठ ऐकू आला, होता तीन.
जुन्या कंपनीतला पोरगा फोनवर म्हणाला, का सोडताय आम्हाला?
मला उगाच अपराधी वाटलं.

नव्या वीजवाल्यांनी नवा मीटर लावला,
आणि अर्ध्या-अर्ध्या तासाचा आलेख.
क्लिफर्ड तो पेपरासारखा वाचायचा.
सातला टोस्टर. सहाला टीव्ही.
आणि रात्री तीनला, रोज,
एक बारीकसं टोक.

"फ्रीज असेल," मी म्हटलं.
तो गप्प.
फ्रीज असा एकदम ताठ उभा राहत नाही,
हे ग्रिम्स्बीच्या गोदीत बर्फाची यंत्रं सांभाळत
म्हातारा झालेल्याला कुणी सांगायला नको.

गुरुवारी तीनला खाली आले,
तर स्वयंपाकघरात दिवा.
किटली काठोकाठ भरून तो उभा,
पायात माझ्याच सपाता.
काय झालंय, हे त्याने विचारलं नाही.
"दोन कपांना वीज जास्त लागते," मी म्हटलं.
"गॅस स्वस्त झालाय," तो म्हणाला,
ज्याचा इथे काही संबंध नव्हता.