मधली वीस सेकंदं

अंगठी निघेना. साबण झाला, तेल झालं,
पेरावर येऊन अडून बसली.
राहू द्या, मी म्हटलं, सोनं चालतं;
चुंबकाला सोन्याचा लोभ नसतो.
मग केसातल्या तीन पिना, घराची किल्ली, कानातलं यंत्र
माझ्या ट्रेमध्ये ठेवून
चित्स्के वीर्स्मा, वय एकाहत्तर,
ग्रोनिंगनच्या त्या तळघरात
पाव भट्टीत सरकवावा तशा आत गेल्या.

सूचना सोप्या.
पडद्यावर आकडा आला की सात-सात वजा करत जायचं, मनातल्या मनात.
फुली आली की काही करायचं नाही.
वीस सेकंदं हे, वीस सेकंदं ते.
हलायचं मात्र नाही.

यंत्र ठोकत राहतं, तांबटानं हंडा ठोकावा तसं.
काचेअलीकडे मी,
डोकं जागच्या जागी आहे ना, एवढंच बघणारा.

रक्त सावकाश येतं.
विचार होऊन गेल्यावर पाच-सहा सेकंदांनी,
पाहुणे उठून गेल्यावर
चहाचा ट्रे घेऊन येणाऱ्या पोरासारखं.
त्या कपांवरून आम्ही ताडतो
कोण येऊन गेलं.

संध्याकाळी वजाबाकी:
आकड्यांच्या वेळेतून फुलीची वेळ वजा.
उरले शेंदरी ठिपके, दोन कपाळामागे, एक टाळूच्या जरा खाली.
डॉक्टर ओस्टिंग खूश.

जे वजा झालं त्याला रकाना नाही.

पण दुपारी, कानात यंत्र बसवत,
वीर्स्माबाई म्हणाल्या होत्या:
"आकडे मी डचमध्ये मोजले, शाळेत शिकवले तसे.
फुली आली की घरच्या भाषेत जायचे.
त्रेसष्टचा हिवाळा. कालवा तळापर्यंत गोठलेला.
याउके पुढे, दोन्ही हात पाठीशी,
मी त्याच्या मागं, वारा चुकवत.
दर फुलीला एक पूल मागं टाकला आम्ही.
वळणावर बर्फ करकरलं, तेव्हा त्यानं मागं पाहिलं,
आणि तेवढ्यात तुमचा आकडा आला.
चारशे बारा.
पुढच्या वेळी फुली जरा लांबवता येईल का?"

नाही येत, मी म्हटलं. सगळ्यांना सारखीच असते.

कोटाच्या बाहीत तो अंगठीचा हात गेला.
मी दार धरलं.
मग परत येऊन आलेख उघडला:
तेहेतीस मिनिटांत डोकं हललं
शून्य पूर्णांक दोन मिलिमीटर.
हालचालीपुढे मी लिहिलं, नगण्य.