चुना

शेवंती मेस्त्री, वय अडुसष्ट.
बर्क्याच्या दवाखान्यात फिलिपिनो पोरीने तिला उताणी निजवली,
पायांखाली फोमचा ठोकळा दिला
आणि एक यांत्रिक हात तिच्यावरून सरकत गेला
आवाज न करता,
माप घेणाऱ्या शिंप्यासारखा.

खुब्यापाशी: उणे दोन पूर्णांक नऊ.

डॉक्टरांनी पडदा माझ्याकडे वळवला.
पडद्यावरचे आकडे मला कळतात.
एकवीस वर्षं त्यांच्यासमोरच बसलो,
किनाऱ्यावरच्या पाण्याच्या कारखान्यात, रात्रपाळीला.
समुद्र आत यायचा
शेवाळ, जेलीफिश, कधी एखादी चप्पल घेऊन,
आणि शेवटी उरायचं ते पाणी
इतकं कोरं, की जिभेला ओळख पटू नये.
तसंच सोडलं तर ते भुकेलं असतं.
नळातलं सिमेंट खातं, लोखंड खातं,
वाटेत भेटेल त्यातून हवं ते ओढून घेतं.
म्हणून माझं काम एवढंच:
चुनखडीच्या खड्यांमधून त्याला हळूहळू चालवायचं,
थोडा डोंगर त्याच्या पोटात घालायचा
आणि मग गावात सोडायचं.

सुट्टीत वेंगुर्ल्याला गेलो की मेव्हणा विचारायचा,
तिकडे नेमकं करतोस काय?
अख्ख्या गावाला चुना लावतो, मी म्हणायचो.
दर खेपेला तोच विनोद, दर खेपेला तेच हसू.
शेवंती तेव्हा आतल्या खोलीत
पेट्यांच्या दोऱ्या सोडत असायची.

डॉक्टर म्हणाले, रक्ताला चुना ठरावीक लागतो.
ताटातून आला नाही
तर ते हाडातून काढून घेतं.
हे मला दोनदा सांगावं लागलं नाही.

डब्यातलं दूध मुलांचं.
सुरमईची तुकडी माझी, डोकं तिचं.
काटे ती चावून चावून खायची,
म्हणून मला वाटत आलं,
हिला काही कमी पडत नसेल.

लोक म्हणतात, दाजीने तिकडे रक्ताचं पाणी केलं.
हाडाची काडं कोणी केली
ते आता छापील कागदावर आलंय, शिक्क्यासकट.

उन्हात बसता का? डॉक्टरांनी विचारलं.
ऊन! इथे, जिथे मे महिन्यात
दाराची कडी फडक्याने धरावी लागते.
आम्ही तर खिडक्यांना आतून चांदीचा कागद चिकटवला होता,
एसीचं बिल आटोक्यात राहावं म्हणून.
वर्षानुवर्षं सूर्य बाहेर ताटकळत,
थकबाकी मागायला आलेल्या माणसासारखा,
आणि आत ट्यूबलाइटखाली शेवंती भाकरी थापत.

आता सकाळी खडूसारखी गोळी. चहाबरोबर नाही.
रात्री मॅग्नेशियमची, दुसऱ्या रंगाची.
रुवीच्या दुकानातून नाचणी आणली, सोबत तीळ.
शेजारची उम्म सालिम वाळवलेल्या तारल्या देऊन जाते
आणि खुणेने बजावते: डोक्यासकट.
मीही खातो. तुकडी आता कोणाची, यावर
जेवताना कोणी काही बोलत नाही.

परवा शुक्रवारी मी कागद खरवडायला घेतला.
डिंक हटेना. जुनी सुरी, व्हिनेगर, नखं.
शेवंतीने स्टूल धरलं.
म्हटलं, तू धरू नकोस, तू पडलीस तर.
आणि तू पडलास तर? तिने विचारलं.
आम्ही दोघं जरा वेळ तसेच राहिलो,
एक वर, एक खाली.

काचेतून आलेलं ऊन उपयोगाचं नाही, हे नर्सने सांगितलं होतं.
म्हणून खिडकीही उघडली.
बिजागरी कुरकुरली. धूळ आली,
मशिदीकडून गाड्यांचे हॉर्न,
तारल्या वाळत घातल्याचा वास,
आणि तिच्या नडगीवर
ताटाएवढं ऊन.

एसी तापला. बंद कर ती, बिल येईल,
असं ती दोनदा म्हणाली,
लुगड्याचा काठ गुडघ्यापर्यंत वर घेत.