सहाव्या दिवशीचं रक्त

रडत नाही, एवढंच झिओने म्हणाली.
ताप नव्हता. उलट पाय गार,
सरोवरातून काढलेल्या माशासारखे.
बोलून गेली, आणि जीभ चावली.

न्खोटाकोटाच्या प्रयोगशाळेत
मी बाटलीवर लिहिलं : झिओनेचं बाळ, दिवस सहावा.
नाव अजून ठेवलं नव्हतं.

पहिल्या तीन दिवसांत आलं असतं
तर आईकडून आलं, असं म्हणता येतं :
पाणी आधीच फुटलं, वाट लांबली,
सायकलच्या कॅरिअरवर कळा मोजत आली.
दोष द्यायला एक बाई तरी असते.

सहाव्या दिवसाचा जंतू मात्र आमच्या घरचा.
नळाचा, सुईचा,
एका पाळण्यावरून दुसऱ्यावर गेलेल्या हाताचा.

रात्रीत बाटली गढूळली.
भिंगाखाली गुलाबी काड्या,
इतक्या सुबक
की राग कुठे ठेवावा कळेना.

एनेलेस सिस्टरने निकाल वाचला.
औषध बदललं. मग नळापाशी जाऊन
साबण शोधत राहिली.
साबण संपून आठवडा झाला होता.

बाहेर झिओने चितेंजे वाळत घालत होती.
मला बघून थांबली :
‘माझंच काही चुकलं का?’

मी हात पाठीमागे घेतले.